धागा: समुद्रात जीव वाचवणाऱ्या हेलिकॉप्टर पथकाचा सत्कार सांगलीत करावा का?

कृष्णाकाठ

आमच्या गावभागातील एका छोट्या वाचनालयातर्फे दरवर्षी दसऱ्याच्या सुमारास एकाचा नागरी सत्कार होतो. शाल, श्रीफळ, मानपत्र आणि वर्गणीतून जमलेली थोडी रक्कम, एवढेच त्याचे स्वरूप असते. आजवर शिक्षक झाले, कुस्तीचे वस्ताद झाले, हळदीच्या बाजारातील एक वयोवृद्ध हमाल झाले आणि एका वर्षी नदीत वाहून जाणाऱ्या दोन मुलांना काठावर आणणारा नावाडीही झाला.

यंदा कार्यकारिणीत मी असा प्रस्ताव मांडला की, समुद्रात अडकलेल्यांना उचलून आणणाऱ्या एखाद्या हेलिकॉप्टर पथकाचा सत्कार करावा. २०२४ च्या जुलै महिन्यात अलिबागजवळ भर पावसाळ्यात अडकून पडलेल्या एका मालवाहू नौकेवरच्या १४ जणांना तटरक्षक दलाच्या चेतक हेलिकॉप्टरने बाहेर काढले होते. ते दृश्य मी टीव्हीवर पाहिले. बातमी फार तर दीड मिनिट चालली आणि पुढे क्रिकेट सुरू झाले. त्या चेतकमध्ये कोण होते, हे मला आजही सांगता येणार नाही, आणि ही गोष्ट मनाला लागून राहिली आहे.

कार्यकारिणीत तीन आक्षेप आले. सांगलीचा समुद्राशी संबंध काय, हा पहिला. त्यांनी नेमून दिलेले काम केले, त्याचा सत्कार कशासाठी, हा दुसरा. आणि सत्कारमूर्ती एक असते, पथकातला नेमका कोण बोलवायचा, हा तिसरा. तिसऱ्याचे उत्तर मला खरोखरच सुचलेले नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

हळदबाजार

प्रस्ताव उत्तम आहे. मात्र आपल्याकडे आकाशात हेलिकॉप्टर दिसले की लोक पहिला प्रश्न 'आज सभा कोणाची?' असा विचारतात, हे लक्षात ठेवून निमंत्रण पत्रिकेत खुलासा छापावा.

सज्जनगड

मी साताऱ्याचा. स्पष्ट लिहितो, राग मानू नये.

दुसरा आक्षेप मला योग्य वाटतो. या माणसांसाठी शासनाने व्यवस्था केलेली आहे. नौसेना पदक १९६० पासून आहे, तटरक्षक पदक १९९० पासून आहे, आणि त्याहून मोठे धाडस असेल तर शौर्यचक्र आहे. तौक्ते चक्रीवादळात पी-३०५ ही बार्ज (सपाट तळाची कामाची नौका) बुडाली, तेव्हा तिच्यावरच्या माणसांना वाचवायला गेलेल्या आय.एन.एस. कोची या युद्धनौकेचे कप्तान सचिन सिक्वेरा यांना त्याच वर्षीच्या स्वातंत्र्यदिनी शौर्यचक्र जाहीर झाले. राष्ट्रपतींच्या सहीने ज्याचा गौरव होतो, त्याला आपल्या गल्लीतील शालीने काय मिळणार?

आणखी एक गोष्ट अनुभवाने सांगतो. आमच्या जिल्ह्यात अपशिंगे हे गाव 'मिलिटरी अपशिंगे' म्हणूनच ओळखले जाते, आणि सैन्यात माणूस नाही असे घर आमच्या पट्ट्यात शोधावे लागते. जवानाच्या सत्काराला व्यासपीठावर जवान एक आणि पुढारी अकरा, हे मी इतक्या वेळा पाहिले आहे की आता अशा निमंत्रणाला मी जात नाही. गेल्या खेपेस एका निवृत्त सुभेदारांना दोन तास बसवून ठेवले आणि त्यांना बोलायला मिळाली ती चार मिनिटे, तीही 'वेळेअभावी' या शब्दाने सुरू झालेली.

मिरजेची_माई

सज्जनगड, पुढाऱ्यांविषयी तुम्ही लिहिले ते मान्य. समुद्र लांब आहे, हा कार्यकारिणीचा पहिला आक्षेप मात्र मला मान्य नाही.

माझे माहेर सांगलीवाडीचे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या पुढे गेले, तेव्हा माझे वडील दुसऱ्या मजल्यावर होते आणि देवघरातले टाक सोडून यायला तयार नव्हते. शेवटी आईने ते टाक जेवणाच्या डब्यात घातले, डबा पंच्यात बांधला आणि मगच ते जिन्यावरून बोटीत उतरले. नौदलाच्या तुकडीतल्या एका मुलाने तो डबा काठावर येईपर्यंत मांडीवर धरून ठेवला होता. त्याला मराठी येत नव्हते आणि डब्यात काय आहे हेही त्याला माहीत नव्हते. वडिलांना मात्र ते अजून आठवते. गेल्या वर्षी त्यांनी मला विचारले, 'त्या मुलाचे नाव काय होते गं?' मी काय सांगणार?

ती मुले समुद्र सोडून आमच्या गल्लीत आली, तेव्हा त्यांना अंतर आडवे आले नाही. आपल्याला का यावे?

तासगावचा_वेल्डर

माईंनी लिहिले त्यात भर घालतो. मी मुंबईच्या समुद्रातील तेलक्षेत्रात सात वर्षे वेल्डिंगचे काम केले. माझ्या ओळखीतलेच आपल्या जिल्ह्यातील नऊ जण आजही तिथे आहेत. द्राक्षबागेचा हंगाम संपला की बार्जवर आणि परत छाटणीला घरी, असा काहींचा वर्षाचा हिशेब आहे. त्यामुळे सांगलीचा समुद्राशी संबंध काय, हे आमच्या बायकांना विचारावे.

तिथे जाण्याआधी एक प्रशिक्षण असते. हेलिकॉप्टरच्या आकाराच्या पेटीत आपल्याला पट्ट्याने बांधतात, ती पेटी तलावात सोडतात आणि पाण्याखाली उलटी करतात. पट्टा लगेच सोडायचा नसतो. एक हात खिडकीच्या चौकटीवर ठेवायचा, पेटी फिरायची थांबली की दुसऱ्या हाताने पट्टा सोडायचा आणि चौकट धरून बाहेर यायचे. नाकातोंडात पाणी गेलेले असते आणि वर कुठे, खाली कुठे हे कळत नाही. मी विहिरीत पोहणारा गडी, तरी पहिल्या वेळी माझी बोबडी वळली होती. हे आम्ही एकदा करतो. ज्यांचे रोजचे कामच पाण्यावरून उडण्याचे आहे, त्यांच्या डोक्यात ही पेटी कायम असणार.

एका रात्री आमच्यातील एका रिगरच्या, म्हणजे अवजड सामान दोराने उचलणाऱ्या कामगाराच्या, छातीत कळ आली. डॉक्टरशी बोलणे झाले आणि हेलिकॉप्टर मागवले गेले. वारा असा होता की हेलिडेकवर आम्ही वाकून, जाळीला धरून उभे होतो. हेलिकॉप्टर उतरले, पंखे फिरतेच ठेवले, स्ट्रेचर आत गेले आणि पाच मिनिटांत पुन्हा अंधार. तो रिगर आज घरी आहे, नातवाला शाळेत सोडतो. ज्यांनी नेले त्यांचा चेहराही आम्ही पाहिला नाही, कारण हेल्मेटच्या काचा खाली होत्या.

सज्जनगड

वेल्डरदादा, हे वाचून मी थोडा नरमलो आहे, पण माझा मुद्दा तसाच उभा आहे. तुमच्या रिगरला नेणारे बहुधा कंपनीच्या करारावरील नागरी वैमानिक असतील. त्यांना सैनिकी पदक मिळत नाही. मग सत्कार त्यांचा करावा, ज्यांच्यासाठी कोणतीच यादी नाही.

तासगावचा_वेल्डर

हा मुद्दा पटला. २८ जून २०२२ ला तेलक्षेत्रात माणसे नेणारे असेच एक नागरी हेलिकॉप्टर सागर किरण या तेलविहिरीच्या रिगजवळ समुद्रात पडले. आत ९ जण होते, त्यांतले ४ गेले. बाकीच्यांना रिगवरच्या आणि जवळच्या जहाजाच्या लोकांनी बोटीने काढले. त्या बोटीतल्या खलाशांचे नावही कोणी घेत नाही.

विंचवाला_निवृत्त

मी नौदलाच्या हवाई शाखेतून निवृत्त झालो आणि सध्या कऱ्हाडजवळ ऊस आणि थोडे आले करतो. सहसा मी अशा चर्चेत लिहीत नाही, पण कृष्णाकाठ यांच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला देता येईल.

लोकांना वाटते की हेलिकॉप्टर वैमानिक उडवतो. उचलण्याच्या वेळी हे अर्धेच खरे असते. वैमानिक पुढे बसलेला असतो, दार उजव्या बाजूला त्याच्या मागे असते आणि ज्याला उचलायचे तो माणूस बरोबर पोटाखाली असतो. वैमानिकाला तो दिसतच नाही. दारात पालथा पडून, मान बाहेर काढून विंच ऑपरेटर (माणसाला वर घेणारी तार सोडणारा-गुंडाळणारा) बोलत राहतो: पुढे पाच, पुढे तीन, उजवीकडे दोन, स्थिर, स्थिर. वैमानिक त्या आवाजावर यंत्र हलवतो. जमिनीवर एखादे झाड किंवा खांब धरून आपण सरकलो की नाही हे समजते. समुद्रावर खालचे सगळेच सरकत असते. त्यात पंख्याचा वारा पाण्याचे तुषार उडवतो, आणि रात्री दिव्याच्या झोतात ते तुषार सोडून दुसरे काही दिसत नाही. विंच ऑपरेटरचा आवाज कापला तर वैमानिकाचा हात कापतो, हे आम्हाला पहिल्या आठवड्यातच शिकवले होते.

तारेच्या टोकाला डायव्हर असतो. खालचा माणूस घाबरलेला असतो आणि जे हाताला लागेल त्याला मिठी मारतो. त्याला पट्टा काखेखाली घालायचा आणि हात खालीच ठेव म्हणून बजावायचे. माणूस वर जाऊ लागला की आनंदाने किंवा भीतीने हात वर करतो आणि पट्ट्यातून सटकतो. कोरडा हुक वरून येतो तेव्हा त्यात स्थिर वीज साठलेली असते. तो आधी पाण्याला किंवा डेकला टेकू द्यायचा, मगच हात लावायचा. एकदा मी घाई केली होती. तो झटका खांद्यापर्यंत गेला आणि वरून आमच्या वैमानिकाने नंतर जे ऐकवले, ते त्याहून वर गेले.

आता जी गोष्ट बातमीत येत नाही ती. तार जहाजाच्या कठड्यात किंवा अँटेनात अडकली तर ती हेलिकॉप्टरला खाली ओढू शकते. म्हणून तार तोडण्याची कळ दिलेली असते. तारेला लटकणाऱ्या डायव्हरला ही कळ आहे हे माहीत असते. ती दाबणारा त्याच्याबरोबर सकाळी चहा प्यायलेला असतो. तरी तो रोज तारेला लटकतो.

म्हणून सत्कार करणार असाल तर वैमानिक, सहवैमानिक, विंच ऑपरेटर आणि डायव्हर यांच्यासाठी चार खुर्च्या ठेवा. एकालाच बोलावणार असाल तर कृपया कोणालाच बोलावू नका. आणि मानपत्रात 'जिवाची पर्वा न करता' हे शब्द घालू नका. पर्वा न करणाऱ्याला आम्ही दारात उभे राहू देत नव्हतो.

हळदबाजार

काका, हात वर करायचा नाही हा नियम आमच्या मंडळाच्या मिरवणुकीतही लागू केला, तर ढोलपथकातील निम्म्या मुलांचे खांदे वाचतील.

'जिवाची पर्वा न करता' वगळले, तर आमच्या मानपत्र लिहिणाऱ्या गुरुजींकडे पहिल्या परिच्छेदात काही उरणार नाही, याचीही नोंद घ्यावी.

पानोपानी

विंचवालाकाकांचे लिखाण दोनदा वाचले. चार खुर्च्यांच्या कल्पनेला बाहेरचाही आधार आहे.

हेलिकॉप्टरने समुद्रातून माणूस वर घेण्याची सुरुवात फार जुनी नाही. २९ नोव्हेंबर १९४५ रोजी अमेरिकेच्या कनेक्टिकट किनाऱ्याजवळ वादळात खडकावर अडकलेल्या बार्जवरील दोघांना सिकॉर्स्की कंपनीच्या हेलिकॉप्टरने विंच लावून उचलले. तिथेही एक उडवणारा होता आणि एक विंच चालवणारा. पहिल्याच दिवसापासून हे दोघांचे काम आहे.

ब्रिटनमध्ये बुडालेल्या जहाजांच्या खलाशांसाठी १८३९ मध्ये स्थापन झालेली एक धर्मादाय संस्था आहे. गरजू निवृत्त खलाशांना आणि मच्छीमारांना पैशांची मदत करणे हे तिचे मूळ काम. हीच संस्था समुद्रातील शौर्यासाठी पुरस्कार देते, आणि त्यात हवाई बचाव पथकांसाठी स्वतंत्र पुरस्कार आहे. सज्जनगड यांच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला यात दिसते. सरकारी पदक सरकार देते. ज्यांचे लोक समुद्रावर जातात, त्यांनी दिलेली शाबासकी वेगळी असते. वेल्डरदादांचे गाव ती देऊ शकते.

मला प्रश्न पडला आहे तो यशाचा. १९ डिसेंबर १९८१ च्या रात्री कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर 'युनियन स्टार' हे जहाज इंजिन बंद पडून खडकांकडे वाहत चालले होते. ब्रिटिश नौदलाचे सी किंग हेलिकॉप्टर गेले, त्याचा वैमानिक देवाणघेवाणीवर आलेला अमेरिकन नौदल अधिकारी होता. वाऱ्यामुळे आणि हेलकावणाऱ्या डोलकाठीमुळे त्यांना कोणालाही उचलता आले नाही. मग पेनली केंद्राची लाकडी जीवरक्षक नौका गेली. आठ स्वयंसेवक तिच्यावर होते. नौका आणि जहाज दोन्ही गेले, एकूण १६ माणसे गेली. नौकेच्या सुकाणूधारकाला मरणोत्तर सुवर्णपदक आणि बाकी सात जणांना कांस्यपदक मिळाले. हेलिकॉप्टरच्या पथकाने जे पाहिले ते घेऊन त्यांना परत फिरावे लागले. अशा पथकाला आपण बोलावणार का?

सज्जनगड

पानोपानी, हा खरा प्रश्न आहे. आपली सत्काराची सगळी भाषा आकड्यांची असते. १४ वाचवले म्हणून बोलावले. एकही वाचला नसता, तर ती बातमीही आपण पाहिली नसती.

मिरजेची_माई

आणि जे गेले आणि परत आले नाहीत, त्यांचे काय? २ सप्टेंबर २०२४ च्या रात्री पोरबंदरसमोर 'हरी लीला' या टँकरवरच्या जखमी माणसाला आणायला तटरक्षक दलाचे हेलिकॉप्टर निघाले आणि समुद्रात कोसळले. चौघांपैकी एक वाचला. मुख्य वैमानिक कमांडंट राकेश कुमार राणा यांचे पार्थिव मिळायला महिन्याहून अधिक काळ लागला. तेवढे दिवस त्यांच्या घरी फोन वाजला की काय होत असेल, हे पुराच्या वेळी दोन दिवस वडिलांचा फोन लागत नव्हता, त्यावरून मी थोडेफार समजू शकते.

विंचवाला_निवृत्त

पानोपानी यांना उत्तर देतो. माझ्या नोकरीत असे दोनदा झाले. एकदा परतीपुरतेच इंधन उरले होते आणि खाली तराफ्यावर माणसे होती. कप्तानाने नाक वळवले. परत इंधन घेऊन गेलो तेव्हा एका मासेमारी ट्रॉलरने त्यांना काढले होते, म्हणून मी हे आज लिहू शकतो. दुसऱ्या वेळेविषयी लिहीत नाही.

बोलावणार असाल तर अशा पथकालाही बोलवा, एवढेच म्हणेन. पण त्यांना भाषण करायला लावू नका.

अजिंक्यतारा_खालून

सगळ्यांचे मुद्दे वाचले. एक पर्याय सुचवतो. ज्यांचे काम हेलिकॉप्टरवर नाही आणि तरी ज्यांनी माणसे काढली, त्यांच्यासाठी शासनाचे जीवन रक्षा पदक आहे, १९६१ पासून. सैन्यातील माणसालाही ते कर्तव्याबाहेरच्या कृत्यासाठी मिळू शकते. सागर किरणजवळ बोट घेऊन गेलेल्या खलाशांसारख्या लोकांची शिफारस जिल्हाधिकाऱ्यांमार्फत करता येते. वाचनालयाने सत्काराबरोबर अशा एखाद्या माणसाचा प्रस्ताव नीट तयार करून पाठवला, तर शालीपेक्षा ते टिकाऊ ठरेल.

व्यापारी जहाजांवरच्या लोकांनाही मिळू शकतो असा आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा शौर्य पुरस्कारही आहे. २०१६ मध्ये तो कॅप्टन राधिका मेनन यांना मिळाला. हा मान मिळालेल्या त्या पहिल्या महिला. बंगालच्या उपसागरात बुडत्या 'दुर्गम्मा' या होडीवरच्या सात मच्छीमारांना त्यांच्या जहाजाने वाचवले होते. हेलिकॉप्टर पोहोचू शकत नाही इतक्या दूर जवळचे जहाजच कामाला येते.

सज्जनगड

प्रस्ताव तयार करायला मी मदत करीन. सरकारी कागदांची मला सवय आहे, दुसरे काही येत नाही.

तासगावचा_वेल्डर

त्या खलाशांपैकी कोणाचा पत्ता लागतो का, ते मी जुन्या सोबत्यांना विचारतो.

कृष्णाकाठ

चार दिवस काही लिहिले नाही, कारण रविवारी कार्यकारिणीची बैठक होती आणि हा धागा मी छापून सर्वांना वाचायला दिला होता. अध्यक्षांनी तो चष्मा पुसून दोनदा वाचला. शेवटी जे ठरले ते असे.

सत्कार २०२४ च्या अलिबागच्या पथकाचा, आणि पथकात जितके होते तितक्या सर्वांचा. सेवेतील माणसांना असा सत्कार स्वीकारायला वरिष्ठांची परवानगी लागते, त्यामुळे पत्र थेट त्यांना न पाठवता तटरक्षक दलाच्या कार्यालयाकडे जाईल. परवानगी मिळाली नाही, तर मानपत्र पोस्टाने पाठवू आणि कार्यक्रमात चार खुर्च्या रिकाम्या ठेवू. व्यासपीठावर लोकप्रतिनिधी नसतील. ही अट मंजूर व्हायला दीड तास लागला, बाकी सगळे पंधरा मिनिटांत झाले. रक्कम या वर्षी सत्कारमूर्तींना न देता समुद्रावर गेलेल्या आपल्या जिल्ह्यातील एखाद्या कामगाराच्या कुटुंबाला द्यावी, असे पानोपानी यांच्या प्रतिसादावरून ठरले. कुटुंब निवडण्याचे काम वेल्डरदादांकडे आले आहे, त्यांना विचारल्याशिवाय, याबद्दल क्षमस्व.

मानपत्र गुरुजी लिहीत आहेत. 'जिवाची पर्वा न करता' काढल्यावर ते तीन दिवस बोलत नव्हते.

तासगावचा_वेल्डर

क्षमा कसली, करतो. नावे दोन आहेत, फोनवर बोलू.

मिरजेची_माई

मानपत्र वाचायला मी येईन. नावे आधी कळवा, म्हणजे उच्चार विचारून घेता येतील. वडिलांनाही घेऊन येते, त्यांना पुढच्या रांगेत खुर्ची ठेवा, गुडघे दुखतात.

विंचवाला_निवृत्त

चांगले ठरले. पत्राबाबत एक सूचना. त्यात 'शूर पथकास' असे मोघम न लिहिता तारीख, ठिकाण आणि किती माणसे उचलली हे लिहा. अशा प्रत्येक उड्डाणाची नोंद वहीत असते, आणि नोंदीवरून नावे लवकर सापडतात.

आणि जमले तर पाचवी खुर्ची ठेवा. हेलिकॉप्टर परत आले की पथक जेवायला जाते, तेव्हा तंत्रज्ञ इंजिन गोड्या पाण्याने धूत असतात. मीठ आत राहिले तर पात्यांना खाते आणि पुढच्या वेळी ते कोणाला तरी भोवते. त्या रात्री धुणारा कोण होता, हेही त्याच वहीत सापडेल.

कृष्णाकाठ

पाचव्या खुर्चीचे वाक्य पत्रात घातले. तारीख, ठिकाण आणि १४ हा आकडाही घातला. आज दुपारी स्पीड पोस्टाने पत्र गेले, पावती वाचनालयाच्या फलकावर लावली आहे.